पाण्याला तीन तास, नेतेयामला किती?

दिवेलागण

‘अवतार : द वे ऑफ वॉटर’ डिसेंबर २०२२मध्ये लागला तेव्हा मोठ्या पडद्यावर, थ्रीडी चष्मा लावून पाहिला होता. बाहेर पडताना काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते सांगता येईना. गेल्या आठवड्यात घरी दोन बैठकींत परत पाहिला. आता सांगता येतंय, म्हणून हा धागा.

आधीच स्पष्ट करते, लांबीबद्दल माझी तक्रार नाही. १९२ मिनिटांचा आहे, असू दे. ‘द रिटर्न ऑफ द किंग’ २०१ मिनिटांचा आहे आणि तो मी कितीदाही पाहीन. माझी तक्रार आहे ती हा वेळ कुठे खर्च झाला याबद्दल.

पाण्यावर तो भरपूर खर्च झालाय आणि ते पाणी खरोखर थक्क करतं. एखादं पात्र पाण्यातून डोकं वर काढतं तेव्हा कपाळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा ओघळतो, भुवईशी क्षणभर अडतो, मग त्याचा थेंब होतो. ही नजर ज्याने ठेवली त्याच्या मेहनतीला माझा नमस्कार.

पण नेतेयाम? ‘अवतार’मधल्या निळ्या ‘नावी’ लोकांतल्या जेक आणि नेतिरी या जोडप्याचा थोरला मुलगा. चारही मुलं कशी वाढली हे सुरुवातीच्या काही मिनिटांत, जेकच्या आवाजातल्या निवेदनावर उरकलंय. नंतर नेतेयाम दिसतो तो धाकट्या लोआकच्या मागे, त्याला सावरताना, त्याच्यासाठी बापाची बोलणी खाताना. शेवटच्या लढाईत त्याला गोळी लागते. खडकावर आईबापासमोर जीव जातो. नेतिरी हंबरडा फोडते. आणि लगेच कळतं की दोन्ही मुली अजून शत्रूच्या जहाजावर आहेत. जेक तिला सावरतो आणि ते परत लढायला जातात. पुढे जहाज बुडतं, माणसं अडकतात, हवा संपत येते, एकेक जण वाचतो. हे सगळं होईपर्यंत मेलेला मुलगा खडकावर पडून आहे आणि मी, प्रेक्षक म्हणून, त्याला जवळजवळ विसरलेली असते. नंतर अंत्यविधी येतो. सुंदर आहे, पण तोवर माझं रडू निघून गेलेलं असतं.

पहिला भाग २००९चा. तेरा वर्षं थांबलेल्या माणसाला मुलाच्या प्रेताशेजारी पाच मिनिटं बसवता आलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण याच दिग्दर्शकाने, जेम्स कॅमेरॉनने, पुढचे भाग कसे करावेत हे आपल्याला शिकवलंय. ‘एलियन्स’ (१९८६) आणि ‘टर्मिनेटर २’ (१९९१), दोन्ही १३७ मिनिटांचे. दोन्हींत पहिल्या भागाचं सूत्रच बदललंय. ‘टर्मिनेटर’च्या पहिल्या भागातला मारेकरी दुसऱ्यात राखणदार होतो! ‘टर्मिनेटर २’मध्ये निव्वळ संगणकावर बनवलेली दृश्यं सगळी मिळून पाच-सहा मिनिटांची असतील. बाकी इफेक्ट्सवाल्या स्टॅन विन्स्टनच्या लोकांनी घडवलेल्या बाहुल्या आणि मेकअप. आणि ज्याला त्याला आठवतो तो वितळणारा धातूचा माणूसच.

---

निळी रेघ

पूर्ण असहमत. तुम्ही सिनेमा शेवटापासून मागे मोजताय. माझ्या मते सिनेमा मधल्या तासात आहे, जिथे ‘काहीच घडत नाही’ असं सगळे म्हणतात.

पायाकानचा प्रसंग आठवा. तो टुलकुन, म्हणजे देवमाशासारखा प्रचंड प्राणी, कळपातून हाकललेला. एक पर जवळजवळ नाहीच, आणि अंगात जुना भाला रुतलेला. लोआक तो भाला उपसून काढतो. त्यानंतर दोघांचं पोहणं, खेळणं, त्या प्रचंड डोळ्याजवळ हे पोर, सगळं घाई न करता घेतलंय. घरात कमी पडणारा धाकटा मुलगा आणि कळपाने टाकलेला प्राणी यांची मैत्री दोन वाक्यांत सांगून जमली असती का?

त्यानंतर शिकार येते. आई आणि पिल्लू. पिल्लाला सोडून आई पळणार नाही हे शिकाऱ्यांना माहीत आहे. भाले मारतात, तिने बुडी मारू नये म्हणून तरंगते फुगे लावतात, थकवतात, मारतात. आणि एवढ्या मोठ्या देहातून काय काढतात? मेंदूतला द्राव, माणसाचं म्हातारपण थांबवणारा, एका लहानशा नळीत मावेल एवढा. बाकीचं धूड तसंच टाकून देतात. मला तिथे पोटात कालवलं, आणि ते कालवलं कारण त्याआधी तासभर मला त्या प्राण्यांसोबत पोहायला दिलं होतं. तो वेळ वाया गेला असं कसं म्हणता?

---

दिवेलागण

शिकारीबद्दल एकदम मान्य. अख्ख्या सिनेमातला सगळ्यात ताकदीचा प्रसंग तोच. पण मग माझाच प्रश्न उलटून विचारते: टुलकुन आईच्या मरणाला जो वेळ दिला, तो नेतेयामच्या आईला का नाही? मधल्या मोठ्या भागात नेतिरी जवळजवळ दिसतच नाही. पहिल्या भागाचा जीव होती ती.

---

शेवटची रांग

मूळ लेखाशी सहमत, आणि मी तर पुढे जाईन. माणसांच्या फौजेचा म्होरक्या, खलनायक क्वारिच, त्याला परत आणणं हीच मोठी चूक. पहिल्या भागात नेतिरीने दोन बाण मारून त्याला संपवला होता. आता म्हणे मरण्याआधी त्याच्या आठवणी साठवून ठेवल्या होत्या आणि त्या नावी शरीरात घातल्या. असं करता येत असेल तर या जगात मरणाला किंमत काय राहिली? मग नेतेयाम गेला तरी मी का हलावं?

शिवाय मुलं किती वेळा पकडली जातात ते मोजा. सुरुवातीला जंगलात, नंतर समुद्रात, मग परत त्याच जहाजावर. धाकटी टुक स्वतःच वैतागून म्हणते की परत बांधलं! लेखकांनाही जाणवलं होतं तर एखादी वेळ कापायची.

आणि ते ४८ फ्रेमचं प्रकरण. पोहण्याची दृश्यं सेकंदाला ४८ फ्रेमची, बोलण्याची २४ची. मी ज्या पडद्यावर पाहिला तिथे प्रत्येक बदल डोळ्याला टोचत होता. आत्ता गुळगुळीत, पुढच्या क्षणी अडखळत. अशाने माणूस गोष्टीतून बाहेर फेकला जातो.

---

रोटोवाला

मी नऊ वर्षं कंपोझिटिंगमध्ये (चित्राचे वेगवेगळे थर जोडून एक दृश्य बनवण्याच्या कामात) आहे. या सिनेमावर काम केलेलं नाही. तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

४८ फ्रेम का, तर थ्रीडीमध्ये वेगवान हालचाल २४ फ्रेमला फाटते, डोळा दुखतो. म्हणून जिथे हालचाल जास्त तिथे ४८, जिथे माणसं उभी राहून बोलतात तिथे २४, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोनदा. हेतू बरोबर होता. ‘शेवटची रांग’ म्हणतात तसा बदल जाणवतो, हेही खरं. माझ्या मते सबंध सिनेमा एकाच वेगाने ठेवायला हवा होता.

दुसरं म्हणजे ‘संगणकाने केलं’ हा शब्दप्रयोग. संगणक आपणहून काही करत नाही हो. पाण्याखालचे प्रसंग नटांनी खऱ्या टाकीत, खऱ्या पाण्यात, श्वास रोखून केलेत. ऑक्सिजनच्या नळ्या वापरता येत नव्हत्या, कारण बुडबुडे उठले की नटांची हालचाल नोंदवायला त्यांच्या अंगावर लावलेल्या खुणा टिपणारे कॅमेरे गोंधळतात. वरचा प्रकाश पाण्यात चमकून तोच घोटाळा करू नये म्हणून टाकीच्या पृष्ठभागावर लहान गोळ्यांचा थर पसरला होता. नट त्या गोळ्यांतून डोकं वर काढत. केट विन्स्लेट सरावात सात मिनिटांहून जास्त वेळ श्वास रोखून राहिली. आणि जेक-नेतिरीची मानलेली मुलगी, चौदा वर्षांची किरी म्हणून जी पोरगी दिसते, तिचा चेहरा, तिचं अवघडलेपण हे सत्तरीतल्या सिगर्नी वीव्हरचं आहे. २०२३च्या ऑस्करमध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं पारितोषिक मिळालं ते यासाठी.

माझा एक शॉट सांगतो. साडेचार सेकंद, म्हणजे १०८ फ्रेम. वाऱ्यात उडणारे केस, प्रत्येक फ्रेममध्ये केसांची कड हाताने आखायची. तीन आठवडे गेले. तो शॉट कुणाला आठवत नाही, आणि आठवू नये हेच त्याचं यश. पण ‘नुसते इफेक्ट्स आहेत’ असं कुणी म्हटलं की मला ते तीन आठवडे आठवतात.

---

दिवेलागण

@रोटोवाला, मनापासून धन्यवाद. ‘नुसते’ असं मी कुठे लिहिलं नाही, तरी रोख समजला. विन्स्टनच्या बाहुल्यांचं कौतुक करताना आजच्या हातांना मी कमी लेखलं असेल तर चुकलं. माझा राग त्या हातांवर नाही. तीन आठवडे केस आखणाऱ्या माणसाचं काम ज्या गोष्टीत बसवायचं, ती गोष्ट तेवढ्याच निगुतीने लिहिली जावी, एवढंच मागते आहे.

---

निळी रेघ

@शेवटची रांग, मरणाला किंमत राहिली नाही म्हणता, तर कवटीचा प्रसंग तुमच्या नजरेतून सुटलाय. नव्या देहातला क्वारिच जंगलात पहिल्या क्वारिचच्या सांगाड्यापाशी येतो. स्वतःची माणसाची कवटी हातात घेतो. बघत राहतो. आणि मुठीत चुरून टाकतो. तो मेलेलाच आहे आणि हे त्यालाही कळतं. हा त्याच्या आठवणी बाळगणारा दुसराच कुणी आहे, आणि ते त्याला सोसत नाही. मग त्याच माणसाचा मुलगा स्पायडर समोर येतो. बाप आहे की नाही? पुढचा भाग म्हणून यापेक्षा वेगळं काय हवं होतं?

---

शेवटची रांग

तो प्रसंग चांगला आहे, मानलं. पण त्यातून निघालेला प्रश्न पुढे सोडूनच दिलाय. शेवटी मारामारीच.

---

जुनं रीळ

दिवेलागण, तुमचं १३७ मिनिटांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. १९८६ला चित्रपटगृहांत लागलेला ‘एलियन्स’ १३७ मिनिटांचा होता, कारण कापाकापी झाली होती. नंतर १५४ मिनिटांची आवृत्ती आली. तिच्यात काय परत आलं? नायिका रिप्ली ५७ वर्षं झोपून परत येते आणि तिला कळतं की मागे ठेवलेली मुलगी म्हातारी होऊन वारली. मुलीच्या अकराव्या वाढदिवसाला घरी पोचेन असं तिने कबूल केलं होतं. हा प्रसंग नसेल तर न्यूट नावाच्या पोरीसाठी ती परत त्या नरकात का उतरते हे अर्धंच कळतं. मी आधी छोटी आवृत्ती पाहिली, वर्षांनी मोठी, आणि सिनेमाच बदलला माझ्यासाठी. लांबी वाढली म्हणून गोष्ट खोल झाली.

---

दिवेलागण

@जुनं रीळ, मुद्दा चोख आहे. १३७ आकड्याला मी उगाच मान दिला, तो मागे घेते.

पण तो प्रसंग नेमका कसा आहे बघा. रिप्ली बसलेली आहे. समोर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो. ती त्या फोटोला हात लावते. बस. ना राक्षस, ना स्फोट, आणि असेल फार तर दोन-तीन मिनिटांचा. त्यावर पुढचा सगळा सिनेमा उभा राहतो. मला नेतेयामसाठी नेमकं हेच हवं होतं. १९२ मिनिटांत तेवढी जागा नक्की होती. मुलांचं एखादं पकडलं जाणं कापलं असतं तरी मिळाली असती.

---

पाऊलवाट

मी तिसरा भाग पाहिलाय, म्हणून लिहिते. ‘फायर अँड अ‍ॅश’मध्ये (२०२५) हे कुटुंब नेतेयामच्या शोकातच आहे आणि कथा तिथूनच पुढे जाते. नेतिरीचा राग, लोआकची अपराधी भावना, सगळं येतं. म्हणजे शोक टाळलेला नाही, पुढे नेलाय. कॅमेरॉन ही एकच लांब गोष्ट सांगतोय. मधल्याच भागाचा हिशेब मागणं मला घाईचं वाटतं.

---

दिवेलागण

तीन वर्षांनी येणाऱ्या दुसऱ्या सिनेमाच्या भरवशावर हा सिनेमा आज अर्धा सोडायचा, हे मला पटत नाही. २०२२ला तिकीट काढून बसलेल्या माणसाला त्याच अंधारात रडू यायला हवं होतं.

---

निळी रेघ

मला आलं होतं. तुम्ही सुरीचा प्रसंग विसरताय. क्वारिचने किरीला धरलंय. नेतिरी त्याच्या मुलाला, स्पायडरला पकडून गळ्याशी सुरी लावते. आपल्याच पोरांसोबत वाढलेला मुलगा, आणि तिच्या डोळ्यांत दया नाही. ती धमकी देत नाहीये, ती खरंच मारणार आहे. तिच्या मुलाचा जीव गेलाय, आता याचा. मुलगा गेलेल्या आईचा शोक आणखी कसा दाखवायचा? तुम्हाला प्रेताशेजारी पाच मिनिटं हवी होती. मला त्या सुरीत ती पाचही मिनिटं दिसली.

---

दिवेलागण

हे खरंय. तो प्रसंग मी मूळ लेखात घ्यायला हवा होता. नेतिरी झालेल्या झोई साल्दान्याचा चेहरा तिथे जे करतो ते मी विसरू शकत नाही.

पण त्याच्या पुढे काय होतं? क्वारिच किरीला सोडतो, मारामारी चालू राहते, जहाज बुडतं. शेवटी स्पायडर या कुटुंबात परत येतो. त्या सुरीबद्दल दोघांत एक शब्द नाही. जिने काही वेळापूर्वी आपला गळा चिरायला घेतला होता तिच्या घरात तो पोरगा परततो, आणि सिनेमा त्यांना एकमेकांसमोर उभंही करत नाही. आख्ख्या समुद्राला वेळ होता, या दोघांना नव्हता.

---

रोटोवाला

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कामाच्या सवयीने मी तिथे सुरीची धार आणि ओल्या कातडीवरचा प्रकाश बघत बसलो होतो.

---

निळी रेघ

मला अजूनही सिनेमा आवडतो आणि मधल्या तासाबद्दल मी तसूभर हलणार नाही. पण स्पायडर परततो तो शेवट मला नीट आठवत नाहीये. आज रात्री तेवढाच भाग परत बघतो. नेतिरी तिथे त्याच्याकडे बघते की नाही, ते उद्या इथेच लिहीन.