फोन असताना घरी पीसी हवाच कशाला?

जुनाखोड: बँक, फोटो, सिनेमे, सगळं फोनवर होतं. तरी घरात एक पीसी असावाच, असं माझं ठाम मत. १९७५ मध्ये आल्टेअर ८८०० हा घरी घेता येणारा संगणक आला, तोवर संगणक बहुतेकांसाठी संस्थेच्या मालकीचा. त्याला जोडलेल्या टर्मिनलवर, म्हणजे पडदा-कीबोर्डवर, बसायचं, तेही मिळेल तेवढाच वेळ. पीसीमुळे ती मालकी आपल्या टेबलावर आली. त्यावर काय चालवायचं ते आपण ठरवतो. फोनवर ते बरंचसं कंपनी ठरवते.

खिशातलं_यंत्र: असहमत. ही मालकी वापरतो कोण? बहुतेकांचा पीसी म्हणजे ब्राउझर आणि एखादी एक्सेल फाइल. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा, मूळ मेमरी १६ किलोबाइट. आजचा साधा फोनही त्याच्या कितीतरी पुढे आहे, शिवाय चोवीस तास सोबत.

जुनाखोड: ताकदीबद्दल वाद नाहीच. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आलं आणि निव्वळ त्या स्प्रेडशीटसाठी लोकांनी ॲपल टू हे संगणक विकत घेतले. ते ॲपलने नव्हे, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी लिहिलं होतं. त्यांना ॲपलची मंजुरी घ्यावी लागली नाही. आज आयफोनच्या ॲप स्टोअरवर तपासणीशिवाय काही चढवून दाखवा.

खिशातलं_यंत्र: अँड्रॉइडवर एपीके, म्हणजे ॲपची फाइल, स्टोअरशिवाय थेट टाकता येते की! आणि पीसीच्या मालकीचं एवढं कौतुक, तर विंडोज १० चं काय? १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षा-यंत्रणा हवी, म्हणून धडधाकट मशीन बाद. ठरवलं कोणी? मालकाने?

जुनाखोड: त्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाका, आरामात चालेल. सपोर्ट संपलेल्या फोनचं काय करता?

खिशातलं_यंत्र: बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडत असेल तर कस्टम रॉम, म्हणजे इतरांनी बनवलेली सिस्टम.

जुनाखोड: ‘असेल तर’!

तिसरी_खुर्ची: मालकी-बिलकी राहू द्या हो. एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला आपलं लिखाण, मध्ये सतत कॉपी-पेस्ट. हे फोनवर तासभर करून बघा, मान आणि डोकं दोन्ही धरतात. शिवाय फोनवरच वाढलेल्या मुलांना फाइल नेमकी कुठे सेव्ह झाली ते सांगता येत नाही, कारण ॲप ते दाखवतच नाही. मला पीसी हवा तो एवढ्यासाठीच.

खिशातलं_यंत्र: हे मान्य. पण मोठा पडदा आणि कीबोर्ड काही फोनलाही जोडता येतात. त्यासाठीची सॅमसंगची डेक्स ही सोय २०१७ पासून आहे.

तिसरी_खुर्ची: मग टेबल, पडदा, कीबोर्ड, माउस सगळं आलंच. वाचलं काय, एक डबा?