चारआईना, जिरेटोप, कोफ्तगिरी: नेमके अर्थ काय?

संग्रहालयातल्या पाटीवर ‘चारआईना, पोलाद, सोन्याची कोफ्तगिरी’ असं वाचलं. आपण तर सगळ्यालाच चिलखत म्हणतो. फरक काय? आणि कोफ्तगिरीचा कोफ्त्याशी काही संबंध?

▪ संबंध आहे, हसू नका. फारसीत ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणे, ठोकणे. तिथे खिमा कुटतात, इथे सोन्याची तार. पोलादाच्या पत्र्यावर छिन्नीने आडव्यातिडव्या बारीक रेघा मारून तो खरखरीत करतात. त्यावर नक्षीप्रमाणे तार मांडून हातोडीने ठोकली की मऊ सोनं त्या खाचांत रुतून बसतं. मग ताव देऊन अकीकाच्या दगडाने घोटतात. झाळकाम नाही, डिंक नाही, सगळी पकड त्या खाचांची. सियालकोट आणि पंजाबातलं गुजरात या कामासाठी नावाजलेले. उदयपुरात कारागीर आजही आहेत.

▪ भर घालतो. खोल चर कोरून त्यात तार बसवली तर ते तहनिशान. विक्रेते दोन्हींना सरसकट कोफ्तगिरी म्हणतात. नुसता मुलामा दिलेल्या वस्तूलाही म्हणतात, हे मात्र अतीच. नक्षी झिजलेल्या जागी भिंगातून पाहा: खाली रेघांची जाळी दिसली तर कोफ्तगिरी.

▪ चारआईना म्हणजे चार आरसे. छाती, पाठ आणि दोन कुशी यांवरचे चार घोटीव पत्रे. कुशीचे पत्रे वरून अर्धगोल कापलेले असतात, काखेसाठी. हा कड्यांच्या अंगरख्यावरून बांधायचा, त्यामुळे त्याला चिलखताची जोड म्हणा, पर्याय नव्हे. हातावरचा तो दस्ताना.

▪ आणि जिरेटोप?

▪ त्यातलं जिरं फोडणीतलं नव्हे. फारसी ‘जिरह’ म्हणजे कड्यांची जाळी. जिरेटोप म्हणजे मानेवर अशी जाळी लोंबणारा लोखंडी टोप. चित्रांतल्या कापडी शिरोभूषणाला आज तेच नाव चिकटलंय. रूढ झालं, आता कोण बदलणार!

▪ ‘गंगाजमनी’ राहिलं. लोखंडी आणि पितळी कडी मिसळून जाळीत चौकटींची नक्षी काढलेली असते. दिसायला देखणं, पण प्रत्येक कडीचं तोंड रिवेटने बंद आहे का ते तपासा. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ जाळ्यांत तोंडं नुसती जुळवलेली असतात. ती दरबारात मिरवायला ठीक, भाल्यापुढे उघडतील.