मदत हवी आहे : सबैन की तिसैन?

नमस्कार मंडळी. वाईच्या कृष्णाकाठच्या घाटांवर आणि वाड्यांवर मी लिहीत असे. आईच्या आजारपणात दोन वर्षं सगळं बासनात गेलं. यंदा १ जानेवारीला ते पुन्हा उघडलं, आणि पहिल्याच कागदाशी अडलो.

एका घरच्या दप्तरातलं मोडीतलं पत्र आहे, घाटाच्या दुरुस्तीच्या खर्चाबद्दल. कालोल्लेख सुहूर सनात, म्हणजे मराठी कागदांत अरबी संख्याशब्दांनी लिहीत त्या सनात : 'इसन्ने ... मया व अलफ' (दोन ... शंभर व हजार). मधला शब्द वाळवीने खाल्लाय. शेवटचा 'ऐन' तेवढा शाबूत. सबैन (सत्तर) असेल तर सन ११७२, म्हणजे इ.स. १७७१-७२, थोरले माधवराव हयात. तिसैन (नव्वद) असेल तर ११९२, म्हणजे १७९१-९२, सवाई माधवरावांचा काळ. वीस वर्षांचा फरक! अंदाजाने लिहायचं नाही, हे मी ठरवलंय.

खाली 'छ ७ रमजान, मंदवार' (रमजानचा सातवा चंद्र, शनिवार) स्पष्ट आहे. जंत्रीत (तिथी-तारखांच्या कोष्टकात) दोन्ही सनांचा वार ताडून पाहिला तर निर्णय लागेल का, की चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस मागेपुढे धरावा लागतो? जाणकारांनी कृपया सांगावं. आणि मोडीत 'सबैन' व 'तिसैन' यांची वळणं जवळून पाहिलेलं कुणी असेल, तर उरलेल्या अक्षराचा फोटो पाठवतो.