बाबांना सीओपीडी आहे, कंबरदुखीवर कुठली गोळी चालेल?

डिचोलीचा_दादू
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. बाबा ७१ वर्षांचे, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागतो तो फुफ्फुसाचा जुनाट आजार) आहे, नऊ वर्षं झाली. आयुष्यभर खाणीचे ट्रक चालवले, २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसले, विडी त्याच्या आधी सुटली पण तोवर छातीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. दोन इन्हेलर चालू आहेत, आणि पावसात कफ वाढला की डॉक्टर पाच दिवसांचा स्टिरॉइडचा कोर्स देतात, यंदा असे तीन झाले.

चवथ झाल्यावर माटोळीचा (गणपतीवर फळं टांगतात तो) मांडव सोडून माळ्यावर ठेवताना कमरेत काहीतरी कट्कन झालं. दोन दिवस तेल चोळलं, मग मी बाजारातल्या एका फार्मसीत जाऊन 'कंबरेसाठी स्ट्राँग काहीतरी द्या' म्हटलं (माझीच चूक, कबूल). रात्री एक गोळी दिली, दुखणं खरंच कमी झालं. सकाळी पेज खायला बसले, हातात वाटी, लोणच्याची फोड तोंडात तशीच, आणि बाबा बसल्या जागी डुलायला लागले, पेज सगळी मांडीवर. हाक मारली की 'हूं' म्हणायचे आणि परत मान खाली. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८६, एरवी ९१-९२ असतो. दुपारपर्यंत हळूहळू शुद्धीत आले पण डोकं ठणकतंय म्हणत होते. मग स्ट्रिप उलटून वाचली, ट्रामाडॉल. वर झोपेची अर्धी गोळी ते रोज रात्री घेतातच, ते माझ्या लक्षातच नाही राहिलं.

ती गोळी बंद केली. पण कंबर दुखतेच आहे, रात्री कूस बदलता येत नाही. मावशी म्हणते कॉम्बिफ्लाम दे, शेजारी म्हणतात पॅरासिटामॉलने काय होतंय, एक जण वातावरची पुडी आणून देतो म्हणतोय. फुफ्फुसं अशी असताना नेमकं काय चालतं? बाबा रविवारी एक पेग फेणी पण घेतात, सांगून ठेवतो.

औषधवाली_फोंडा
दादू, मी फार्मसीतच काम करते म्हणून आधी रागावते, मग सांगते. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, चिठ्ठीशिवाय ते काउंटरवरून द्यायचंच नसतं. आणि परत कधी ८६ दिसलं आणि माणूस हाकेला नीट ओ देत नसेल तर दुपारपर्यंत वाट बघत बसायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

झालं काय ते समजून घ्या. ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फीन ही सगळी अफूच्या घराण्यातली, ती मेंदूला 'श्वास घे' म्हणणारी घंटाच मंद करतात. धडधाकट माणसाला छोट्या डोसात ते जाणवत नाही, पण सीओपीडीवाल्याचा कार्बन डायऑक्साइड आधीच नीट बाहेर पडत नसतो, श्वास मंदावला की तो रक्तात साठतो, मग गुंगी आणि सकाळी डोकेदुखी, तुम्ही सांगितलंत तसंच. त्यात झोपेची गोळी म्हणजे दोन ब्रेक एकदम दाबल्यासारखं. नसांच्या दुखण्यासाठी देतात त्या गॅबापेंटिन, प्रिगॅबालिनचंही तेच, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने (एफडीए) डिसेंबर २०१९ मध्ये फुफ्फुसाचे रुग्ण आणि म्हाताऱ्यांसाठी मुद्दाम इशारा दिला होता. स्नायू सैल करणाऱ्या काही गोळ्यांनीही झापड येते. ही औषधं कधीच देत नाहीत असं नाही, पण ते छातीच्या डॉक्टरने हिशोब करून, कमी डोसात, लक्ष ठेवून द्यायचं काम.

सुरुवात पॅरासिटामॉलनेच. ते श्वासाला हात लावत नाही. 'त्याने काय होतंय' म्हणणारे बहुतेक एक गोळी घेऊन संध्याकाळी निकाल लावतात. दिवसातून एकदा घेतली तर काहीच होणार नाही, वेळेवर दोन-तीन दिवस नियमित घेतली तर फरक कळतो. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम म्हणतात, पण बाबा ७१ चे, बारीक असतील, फेणी घेतात, त्यामुळे डॉक्टर २-३ ग्रॅमच्या आतच ठेवतील, तो आकडा त्यांनाच विचारा. ६५० च्या चार गोळ्या म्हणजे २६०० मिलिग्रॅम, आणि वरून सर्दीची गोळी घेतली तर तिच्यातही बहुतेक पॅरासिटामॉल असतंच, ते कोणी मोजत नाही. लिव्हर मात्र मोजतं. गोळ्या चालू आहेत तोवर फेणी बंद, बाबांना वाईट वाटलं तरी.

मावशीच्या कॉम्बिफ्लामबद्दल: त्यात ३२५ पॅरासिटामॉल आणि ४०० आयबुप्रोफेन. पहिल्याबद्दल तक्रार नाही, दुसऱ्याबद्दल आहे. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक त्याच गटातली. स्टिरॉइडच्या कोर्सबरोबर ती घेतली तर पोटात अल्सर, रक्तस्राव होण्याची भीती कितीतरी वाढते. वर बीपी, किडनी. आणि सीओपीडीबरोबर दमाही असेल, नाकात पॉलिप (मऊ गाठी) असतील, तर काही जणांना अॅस्पिरिन-आयबुप्रोफेनने तासा-दोन तासात छाती आवळते. पूर्वी कधी घेतली होती का, तेव्हा काय झालं, ते बाबांना विचारा.

जुना_खाणवाला
दादू, तुझ्या बाबांचा मी भाऊच समज, मीपण सत्तरी तालुक्यातल्या खाणींवर २२ वर्षं काढली, आता इन्हेलरवर आहे. वरच्या ताईंनी लिहिलंय ते खरं आहे, त्यात माझी एक भर. गुडघ्यासाठी मी महिनाभर रोज दुखण्याची गोळी खाल्ली, कुणालाच न विचारता, मित्राला लागू पडली म्हणून. पाय सुजले, चपलेचा पट्टा रुतायला लागला, रात्री आडवा झालो की दम. मला वाटलं छाती बिघडली, इन्हेलरचे फवारे वाढवले, घरात सगळे घाबरले. डॉक्टरने पाय दाबून बघितले, खळी पडली तशीच राहिली, म्हणाले कुठली गोळी खाता ती आधी दाखवा. अंगात पाणी धरलं होतं त्या गोळीने आणि हृदयावर ताण. गोळी बंद, पाणी काढायचं औषध, आठवड्यात चप्पल ढिली. तेव्हापासून आमच्या बायलेने सगळ्या स्ट्रिप एका बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात आणि कुठल्याही डॉक्टरकडे डबा घेऊनच जायचं. हसतात लोक, हसूं देत.

मला गरम पाण्याची पिशवी लागू पडते, टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नाही. फेणी चोळून बघितली, चोळण्यापेक्षा वास घेण्यातच मजा.

वाळपईची_वयनी
सगळे घाबरवतायत उगाच. माझ्या सासूबाईंना दमा आहे, वातावरची पुडी घेतात, गावच्या जत्रेत एक जण विकतो, दोन दिवसात उठून भाकऱ्या थापायला लागल्या, दम पण कमी झाला!! आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही.

औषधवाली_फोंडा
वयनी, दुखणं आणि दम दोन्ही दोन दिवसात कमी, नाव नाही, लेबल नाही, कंपनी नाही, हे वाचून मला आनंद नाही झाला, भीती वाटली. अशा सुट्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आपल्या देशात अनेकदा सापडलंय, आणि जादू त्याचीच असते. आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाही, वैद्याने चिठ्ठीवर लिहून दिलेलं लेबलवालं औषध ही वेगळी गोष्ट. सासूबाई कधीपासून घेतायत? खूप दिवस झाले असतील तर एकदम बंद पण करू नका, स्टिरॉइड अचानक तोडलं तर अंगावर येतं. ती पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि खरं सांगा.

वाळपईची_वयनी
आठ महिने 😶 चेहरा सुजल्यासारखा दिसतो हल्ली, आम्ही म्हणायचो तब्येत सुधारली. उद्याच नेते.

फिजिओ_म्हापसा
गोळीवर एवढी चर्चा झाली पण दुखतंय कशामुळे हे कुणी विचारलंच नाही. दादू, ७१ वय, विडीचा इतिहास, वर्षात तीन स्टिरॉइड कोर्स, आणि हलकंसं काही उचलताना कट् असा आवाज, म्हणजे मणका दबून फ्रॅक्चर झालाय का हे आधी बघायला हवं. स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, छोटे छोटे कोर्सही मिळून बेरीज होते. साधा एक्स-रे काढा. पाय बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं असं काही असेल तर थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. छातीत एका बाजूला अचानक कळ आणि दम वाढला तर तेही कंबरेच्या खात्यात टाकू नका, फुफ्फुसाचा पडदा फाटून हवा शिरलेली असू शकते.

तोपर्यंत: अंथरुणाला खिळवून ठेवू नका, सीओपीडीवाला आठ दिवस आडवा पडला की कफ बसतो. थोडं थोडं चालवा. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरून पुढे वाकून खोकायचं, कंबरेला हिसका कमी बसतो, आणि दुखतं म्हणून खोकला गिळायचा नाही, कफ बाहेर यायलाच हवा. कंबरेचा पट्टा मेडिकलमधून आणून करकचून बांधू नका, पोट आवळलं की खालचा श्वास अडतो. दुखण्याचा स्प्रे बंद खोलीत मारू नका, तो फवारा छातीत जातो. त्यापेक्षा डायक्लोफिनॅकचा जेल बरा, गोळीच्या मानाने रक्तात फारच कमी उतरतो, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. बाम लावायचा तर कापराच्या उग्र वासाने काहींना खोकल्याची उबळ येते, थोडासा लावून बघा. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर नाकाजवळ व्हॅसलीनसारखं तेलकट काही नको, आणि देवाची समई त्या खोलीत नको.

डिचोलीचा_दादू
उशीर झाला लिहायला, सॉरी. फिजिओसाहेब, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी एक्स-रे काढला. कमरेचा पहिला मणका पुढून चेपलाय, पाचरीसारखा दिसतो फोटोत, मलासुद्धा कळलं. मग बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेलं, बिस्किटाचा डबा घेऊन 😄 डॉक्टर डबा बघून खूश. पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीनदा, वेळ ठरवून, जेल रात्री. ट्रामाडॉल नाहीच. झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद करायची. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि हाडांसाठी आठवड्यातून एक गोळी, सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि खायचंही नाही. शिवाय इन्हेलर कसा ओढायचा ते परत शिकवलं, बाबा नऊ वर्षं फवारा मारून मग श्वास घेत होते.

आता दहा दिवस झाले. दुखणं पूर्ण गेलेलं नाही पण स्वतः कूस बदलतात, काल अंगणात जाऊन पदेराशी (पाववाल्याशी) पावाच्या साइजवरून भांडले. एकच अडलंय, आठवड्याची गोळी कुठल्या वारी ठेवायची, बाबा म्हणतात रविवार लक्षात राहतो. सगळ्यांचे देव बरें करूं.

औषधवाली_फोंडा
रविवार कशामुळे लक्षात राहतो ते तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. सोमवार धरा.