कौशल्य स्पर्धेत गुण मापाला द्यायचे की नजरेला?

फिटर निदेशक, जालना
आयटीआयची पोरं घेऊन एका कौशल्य स्पर्धेला गेलो होतो. जॉब नर-मादी जोडाचा, म्हणजे एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत नेमका बसवायचा. माझ्या पोराचा जोड उजेडाला धरला तर फटीतून रेघसुद्धा दिसत नव्हती, मापं सगळी टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकात. तरी नंबर गेला. 100 पैकी 40 गुण 'एकंदर दर्जा' या एकाच रकान्यात होते, त्यात त्याला 18. कशाचे कापले, हे परीक्षकांना सांगता आलं नाही. परतीच्या बसमध्ये त्यानं विचारलं, "सर, नेमकं चुकलं काय?" मला उत्तर देता आलं नाही.
माझं मत: जे व्हर्निअरला, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीला, लागतं तेवढंच मोजा. माप बसलं तर पूर्ण गुण, नाही तर शून्य. नजरेचे गुण बंद करा, आणि गुणतक्ता पोरांना आधी द्या.

वेल्डर, वाळूज
सर, पोराचं वाईट वाटलं. पण नजर काढून टाकायला माझा ठाम विरोध आहे. 22 वर्षं वेल्डिंगचा होल्डर धरतोय. अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेला पडलेली खाच, गेजनं मोजाल, पण रॉड संपल्यावर पोरानं आर्क (ठिणगी) पुन्हा कुठून धरला, हे बीडवर, म्हणजे वेल्डच्या रेघेवर, वाचावं लागतं. आणि तुमचं शून्य-किंवा-पूर्ण तर आणखी अन्यायाचं. 0.02 मिमीनं चुकलेला आणि एक मिलिमीटरनं चुकलेला एकाच मापात?

फिटर निदेशक, जालना
शून्याचं मान्य. जवळच्या चुकीला अर्धे गुण ठेवू. पण 'बीडवर वाचावं लागतं' म्हणजे कोण वाचणार? स्वतःच्या संस्थेची पोरं ओळखणारा परीक्षक?

इलेक्ट्रिशियन, नांदेड
वर्ल्डस्किल्स या जागतिक कौशल्य स्पर्धेत दोन्ही चालतं. काही बाबी मोजतात, काही पारखतात. पारखायच्या बाबीला 0 ते 3: 0 म्हणजे उद्योगाच्या दर्जाखाली, 1 म्हणजे त्या दर्जाचं, 3 म्हणजे उत्कृष्ट. तीन परीक्षक एकाच वेळी कार्ड वर करतात, म्हणजे कुणी कुणाचं बघून आकडा देत नाही. एकाहून जास्त फरक पडला की बोलून पुन्हा गुण द्यायचे. स्वतःच्या देशाच्या स्पर्धकाला परीक्षक गुण देत नाही. जिल्ह्यात हे करायला पुठ्ठ्याची कार्डं पुरतात. जॉबवर नावाऐवजी नंबर पंच करणं तर आपण परीक्षेत करतोच.

पैठणी विणणारी, पैठण
आमच्याकडे पदर उलटून बघतात. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे, ही खूण कुणालाही तपासता येते. पण पदरातला मोर मान वळवून बघतोय की नुसता उभा आहे, हे व्हर्निअर काय सांगणार? मोजमापच ठेवलंत तर माझ्यासारखीचं निम्मं काम रकान्याबाहेर राहील.

माजी प्रशिक्षणार्थी, हिंगोली
मापाचं-नजरेचं नंतर. स्पर्धेत मला मिळालेल्या वेल्डिंग मशीनचा करंट मध्येच पडायचा, रॉड प्लेटला चिकटायचा. शेजारच्याला नवीन मशीन. तक्ता कितीही चोख करा, मशीन चिठ्ठी टाकून द्या, आदल्या दिवशी तासभर हात बसवू द्या, आणि वीज गेली तर तेवढी मिनिटं परत द्या. हे झालं नाही तर तुम्ही पोराला नाही, त्याच्या नशिबाला गुण देताय.

फिटर निदेशक, जालना
हिंगोलीचं शब्दन् शब्द पटलं. ताई, तुमचा मोरही सोडवत नाही. पण वाळूजकर, नजरेच्या रकान्याबद्दल मी हटणार नाही. तुमचा रकाना तुम्हीच लिहा: 0 कशाला, 3 कशाला. पोराला आदल्या दिवशी वाचून कळला तर तक्त्यात ठेवतो. नाही तर नाही.

वेल्डर, वाळूज
घ्या. रॉड बदललेली जागा. 0: तिथे खड्डा आहे किंवा स्लॅग (वेल्डिंगचा मळ) अडकलाय. 1: भरलेली आहे, पण फुगवटा बोटाला लागतो. 2: बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसते. 3: शोधूनही सापडत नाही.