घरच्या जुन्या व्हिडिओ गेमसाठी स्वतः गेम लिहायचा आहे, सुरुवात कशी करावी?

कोयनाकाठ: नमस्कार. मला सी भाषा बऱ्यापैकी येते आणि संगणकावर चालणारे दोन लहान गेम मी लिहिले आहेत. माळ्यावर नव्वदच्या दशकातला, कॅसेट लावून चालणारा व्हिडिओ गेम सापडला आणि तो अजून सुरू होतो. त्याच्यापासून शिकायला घ्यावे, की थेट आजच्या कन्सोलकडे वळावे?

आठबिटी: आपल्याकडे तेव्हा मिळणारे पुष्कळसे व्हिडिओ गेम १९८३ सालच्या निन्टेन्डो फॅमिकॉमच्या नकला होते; तुमचाही तसाच असेल, तर फॅमिकॉमसाठी, म्हणजेच एनईएससाठी (त्याच यंत्राच्या परदेशी आवृत्तीसाठी) लिहिलेला गेम त्यावर चालण्याची चांगली शक्यता आहे. माझे मत स्पष्ट आहे, तिथूनच सुरुवात करा. आजच्या कन्सोलची विकास-साधने सहसा कंपनीकडे नोंदणी करून आणि गोपनीयतेचा करार करूनच मिळतात, तर एनईएसची बारीकसारीक माहिती एनईएसडेव्ह विकीवर कोणालाही वाचता येते. सीसी६५ हा कंपायलर-संच आणि मेसेन हा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, दोन्ही विनामूल्य आहेत.

रिकामा_रकाना: सीसी६५ मध्ये सी चालते, तरीही ६५०२ या प्रोसेसरची असेम्ब्ली (त्याच्या थेट आज्ञांची भाषा) आधी शिकावी असे मी आग्रहाने सांगेन. या यंत्राला मुख्य स्मृती अवघी २ किलोबाइट आहे आणि पडद्यावरच्या चित्रात बदल करायला वेळ मिळतो तो फक्त दोन चित्रांमधल्या उसंतीत, ज्याला व्हीब्लँक म्हणतात. एनटीएससी यंत्रावर (सेकंदाला ६० चित्रांच्या टीव्ही पद्धतीच्या) ही उसंत सुमारे २,२७३ सायकल, म्हणजे प्रोसेसरचे ठोके, असते. त्यांपैकी ५१३-५१४ सायकल ६४ स्प्राइटांची (पडद्यावर हलणाऱ्या लहान चित्रांची) माहिती पाठवण्यातच जातात, आणि उरलेल्या वेळेत काम आटोपले नाही तर चित्र विस्कटते. कोणत्या ओळीला किती सायकल लागतात हे असेम्ब्लीत डोळ्यांसमोर दिसते, सी मध्ये ते झाकले जाते. पहिला गेम ३२ किलोबाइट प्रोग्राम आणि ८ किलोबाइट चित्रे एवढ्यात बसवा. एनरॉम या सर्वांत साध्या कॅसेटची मर्यादा तीच आहे.

कोयनाकाठ: आपणा दोघांचेही मनापासून आभार. तीन आठवड्यांत चेंडू-फळीचा गेम तयार झाला आणि एम्युलेटरवर तो उत्तम चालतो. परंतु मित्राच्या फ्लॅश कॅसेटवरून (जिच्यात संगणकावरचा गेम भरता येतो) खऱ्या यंत्रात लावला, तर गुणसंख्या शून्याऐवजी दर वेळी भलत्याच आकड्यापासून सुरू होते. शिवाय चेंडूही संथ वाटतो.

आठबिटी: यंत्र सुरू होताना स्मृतीत काय असेल याचा नेम नसतो, म्हणून प्रोग्रामच्या आरंभीच तिच्यात शून्ये भरून घ्यावीत. मेसेनमध्ये सुरुवातीची स्मृती यादृच्छिक आकड्यांनी भरण्याची सोय आहे. ती चालू ठेवली, तर असा दोष घरबसल्या सापडतो. चेंडू संथ वाटतो, कारण तुमचे यंत्र बहुधा पाल या टीव्ही पद्धतीचे असून ते सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रे काढते. त्यासाठी वेगाचा आकडा एकपंचमांशाने वाढवून पाहा.