गोल मारला आणि बाहेर बसवला?

प्रेषक: वैशाली (टार्नीट)
विषय: बाबांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

आई-बाबा महिन्यापूर्वी पुण्याहून आलेत. रविवारी त्यांना एमसीजीवर (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) फुटी, म्हणजे इथलं ऑस्ट्रेलियन फुटबॉल, दाखवायला नेलं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये एका पोराने अगदी कडेवरून झकास गोल मारला. सगळं स्टेडियम उभं, आणि तो पठ्ठ्या धावत धावत थेट बाकावर जाऊन बसला! बाबा म्हणाले, "याचं काय चुकलं गं?" नऊ वर्षं मेलबर्नमध्ये काढली, पण मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यापासून ते रोज विचारतायत. कुणाला ठाऊक आहे का?

(गणपतीच्या हॉलबद्दल कृपया या मेलखाली लिहू नका, मागच्या वेळी सगळा गोंधळ झाला होता.)

वैशाली

---

प्रेषक: मंदार (पॉइंट कुक)
विषय: उत्तर: बाबांचा प्रश्न

वैशाली, बाबांना सांग, चुकलं काहीच नाही.

मैदानात 18, बाकावर 5. 2025 पर्यंत बाकावर 4 असत आणि 2023 पासून शिवाय एक बदली खेळाडू, तो एकदाच आत यायचा; 2026 पासून ते बंद झालं. बाकावरचे पाचही जण कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात. फक्त पूर्ण सामन्यात मिळून एका संघाला 75 अदलाबदली. क्वार्टर म्हणायला 20 मिनिटांचा, पण खेळ थांबला की घड्याळ थांबतं, त्यामुळे जवळजवळ अर्धा तास चालतो. म्हणजे क्वार्टरला साधारण 18-19 बदल वाट्याला येतात. दोन क्वार्टरांमधल्या सुट्टीत केलेले त्यात धरत नाहीत.

आता खरी गोम. बाहेर येणारा ठरवून दिलेल्या जागेतून रेषेपार गेल्याशिवाय दुसऱ्याने आत जायचं नाही. एमसीजी जवळपास 160 मीटर लांब. माणूस पलीकडच्या कोपऱ्यात असेल तर तो बाकापर्यंत पोचेस्तोवर तुम्ही 17 जणांत खेळताय. गोल झाला की चेंडू परत मध्यावर जातो, तेवढा वेळ काही घडत नाही. तेव्हाच माणूस काढला तर मैदानात भोक पडत नाही. गोल मारणारा तसाही नुकताच जीव तोडून पळालेला असतो, मग त्यालाच बोलावतात. बाबांना वाटली ती शिक्षा नव्हे, विश्रांती होती.

मंदार

---

प्रेषक: सुधीर (क्लेटन)
विषय: उत्तर: उत्तर: बाबांचा प्रश्न

मंदारने नीट सांगितलं. मी 1986 मध्ये इथे आलो तेव्हा बाकावर दोघेच असत. त्याच्याही आधी, 1978 पर्यंत, एकोणिसावा आणि विसावा गडी असायचा. त्यांच्यासाठी जो बाहेर गेला तो गेलाच, परत आत नाही. 1978 ला ये-जा सुरू झाली, 1994 ला बाकावर तीन झाले, 1998 ला चार. तोवर बाक म्हणजे लंगडणाऱ्याची सोय होती. मग कोचांच्या डोक्यात आलं की दमायच्या आधीच काढला तर? मिडफिल्डरला (मैदानभर चेंडूमागे पळणाऱ्याला) काही मिनिटं जिवाच्या आकांताने पळवायचं, काढायचं, दोन मिनिटं बसवायचं, परत सोडायचं. 2010 चा कॉलिंगवूडचा संघ आठवा. बाकावर बसणाऱ्याची पाठ टेकत नसे. त्या सुमारास एकेका संघाचे बदल शंभरावर जायचे.

परिणाम काय, तर सगळेच ताजेतवाने, म्हणून सगळेच चेंडूमागे. छत्तीस माणसं एका गठ्ठ्यात. बघवत नसे. म्हणून 2011 ला बाकावर तीन आणि एक बदली असं केलं (हिरवं जाकीट घातलेला वाट बघत बसायचा, बाहेर काढलेल्याला लाल), ते 2015 पर्यंत टिकलं. 2014 ला 120 ची मर्यादा आली, 2016 ला 90, 2021 ला 75. माणूस दमला पाहिजे, तरच मैदान मोकळं होतं. माझं मत विचाराल तर अजून कमी करा. शेवटच्या क्वार्टरला कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला गडी बघण्यातच फुटीची मजा आहे.

सुधीर

---

प्रेषक: शीतल (वँटर्ना)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: बाबांचा प्रश्न

काका, रागावू नका, पण दमलेला माणूस बघण्यात कसली मजा? मी शाळेत असताना खो-खो खेळायचे. बचावाला आपण तिघींच्या तुकड्या पाठवायचो. ती तुकडी बाद झाली की पुढची. कुठल्या तिघी आधी, कोण शेवटी, यावर आमच्या बाई आदल्या संध्याकाळी डोकं खपवायच्या. चपळ पोर शेवटच्या तुकडीत राखून ठेवली आणि पहिल्या दोन तुकड्यांनीच वेळ खाल्ला तर ती बिचारी आत न जाताच डाव संपायचा! तेव्हा माणसं कधी सोडायची हे डोक्याचंच काम आहे, त्याला गठ्ठा म्हणून हिणवू नका. आणि हो, फुलबॅकला (आपल्या गोलसमोरच्या बचावपटूला) फारसं कुणी काढत नाही, मिडफिल्डरांचीच फुगडी चालते, हेही वैशालीच्या बाबांना सांगा. नाहीतर पुढच्या रविवारी विचारतील, हा का बसत नाही म्हणून.

शीतल

---

प्रेषक: मंदार
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: बाबांचा प्रश्न

शीतलताई, तुमचं उदाहरण चपखल आहे. 75 मध्ये तेच चालतं. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत उधळपट्टी केली की शेवटच्या दहा मिनिटांत हातात काही उरत नाही. पायात गोळा आलेला माणूस तसाच पळतो आणि बाकावरचा ताजा गडी बाटली धरून बसतो. 2019 पासून रनरलाही (कोचचा निरोप घेऊन धावणाऱ्याला) गोल झाल्यावरच मैदानात सोडतात, त्यामुळे निरोपही वाट्टेल तेव्हा पोचत नाही.

यात हात कसे भाजतात ते मला माहीत आहे. मुलाच्या संघाचा बाक मी सांभाळतो. लहानांना मर्यादा नाही, नुसती नोंद ठेवायची. गेल्या हिवाळ्यात पाऊस लागला, पांढऱ्या फळ्यावर मार्कर उमटेना, नावं ओघळून निळी झाली. मी बोटाने पुसत पुसत एकाला "जा" म्हटलं. ज्याने यायचं होतं तो पोरगा पलीकडे बुटाची नाडी बांधत बसलेला! एक गडी जास्त. पंचाने शिट्टी मारली, फ्री किक, त्यावर गोल. मुलगा घरी येईपर्यंत गाडीत माझ्याशी बोलला नाही.

मोठ्यांकडूनही होतं हे. 2008 मध्ये सिडनी आणि नॉर्थ मेलबर्नच्या सामन्यात शेवटी शेवटी सिडनीचे 19 जण मैदानात होते आणि सामना बरोबरीत सुटला. समोरच्या कप्तानाने मोजणी मागायची, असा जुना नियम होता. त्याच्या लक्षातच आलं नाही. त्यानंतर बाकाजवळची देखरेख कडक झाली.

मंदार

---

प्रेषक: वैशाली
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: बाबांचा प्रश्न

बाबांना सगळं वाचून दाखवलं. शनिवारी परत जातोय, या वेळी बाकासमोरची तिकिटं काढलीत. बाबांनी वहीत रेघा मारून चार रकाने पाडलेत, एकेका क्वार्टरचा एक. सुधीरकाका, ते तुमच्या बाजूने आहेत, म्हणतात 75 फार झाले.

मंदार, शनिवारी पाऊस सांगितलाय. त्यांना पेन्सिलच देते.

वैशाली